सत्तेचाळीस कोटींचा एकटा जीव

देवाने माणसांना माया वाटली तेव्हा बहुतेकांनी ती बायको, मुलं, शेत, फार तर एखादी दुभती म्हैस यांच्यासाठी राखून ठेवली. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी मात्र आपला सगळा वाटा संख्यांवर उधळला. धुळ्यात त्यांचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान आहे, दुकानामागच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहतात, आणि सगळं गाव त्यांना नाना म्हणतं म्हणून मीही म्हणतो. संख्या दिसली की नाना थांबतात. ती ट्रकच्या मागे असो, गॅसच्या टाकीवर असो किंवा लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर असो. नाना तिच्याकडे असे बघतात की जणू ती दूरच्या गावाहून आली आहे आणि तिला कोणाच्या घरी उतरायचं ते विचारायला हवं. मग ते मनातल्या मनात तिला दोनाने भागतात, तीनाने भागतात, साताने भागतात. ज्या संख्येने भाग जातो ती त्या संख्येची सोयरी. शाळेच्या पुस्तकात त्याला विभाजक म्हणतात, पण नानांना तो शब्द आवडत नाही. "विभाजक म्हणजे घर फोडणारा," ते म्हणतात. "हे तर घर भरणारे लोक आहेत, दाजी."

ओळख झाली की माणसं गाव विचारतात, शेत किती ते विचारतात. नाना फोन नंबर विचारतात आणि त्या नंबरावर फोन मात्र कधीच करत नाहीत. नंबर ऐकून डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि समोरच्याला त्याची कुंडली सांगतात. माझ्या नंबराला तीनाने, साताने आणि अकराने भाग जातो, तेव्हा असा गोतावळ्याचा माणूस पाहूनच आपण बहीण दिली, असं ते आजही चारचौघांत सांगतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या घरातच काय, आमच्या गल्लीतही फोन नव्हता, हे मी त्यांना दोनतीनदा सांगून पाहिलं. त्यावर "नंबर पुढे मिळाला, पण नशिबात आधीपासून होताच ना?" असं उत्तर मिळालं.

एकदा पारोळ्याच्या रस्त्याला आम्ही मोटारसायकलवरून चाललो होतो. पुढे कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर होता आणि त्याचा नंबर होता ५०४०. नाना मागून माझ्या खांद्यावर थापा मारायला लागले. मला वाटलं, चाक पंक्चर झालं. तर म्हणे, या संख्येचे साठ सोयरे आहेत, एकापासून दहापर्यंत सगळ्यांनी हिला भाग जातो, असं घराणं रस्त्यात भेटत नाही, सोडू नका. आम्ही त्या ट्रॅक्टरमागे जिनिंगच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे नानांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याचं अभिनंदन केलं. ड्रायव्हरला वाटलं, आपल्याला मुलगा झाला आणि ही मंडळी घरूनच निरोप घेऊन आली आहेत. तो आनंदाने रडायलाच लागला. त्याची बायको खरंच माहेरी गेलेली होती, त्यामुळे पुढचं निस्तरायला मला बराच वेळ लागला.

याच्या उलट गोष्ट जळगाव स्टेशनबाहेरची. रिक्षावाले चारी बाजूंनी ओढत होते आणि नाना सगळ्यांना बाजूला सारत थेट कोपऱ्यातल्या एका रिक्षाकडे गेले. तो रिक्षावाला डबा उघडून जेवायला बसला होता, त्याला भाडं नकोच होतं. त्याच्या रिक्षाचा नंबर ७९१९. ही मूळ संख्या. म्हणजे तिला एकाने भाग जातो आणि तिचा तिलाच भाग जातो, बाकी कोणाचाही जात नाही. नानांनी रिक्षाच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "एकला शे बिचारा." मग त्याचं जेवण होईपर्यंत आम्ही दोघं रिक्षात बसून राहिलो. दुकानात आणि बँकेत नाना आपल्यासारखंच बोलतात; पण राग आला किंवा माया दाटली की त्यांच्या तोंडातून अहिराणीच बाहेर पडते. माया कोणाची, हे मात्र आधीच सांगितलं आहे.

नाना स्वतः एकटे का राहिले, याचं उत्तर साधं आहे. आईवडील लवकर गेले, लहान बहिणीला वाढवण्यात, शिकवण्यात, तिच्यासाठी मी नावाचा गोतावळ्याचा मुलगा शोधण्यात त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं. ती बहीण म्हणजे माझी बायको. नानांनी याचा कधी उच्चार केला नाही, आम्हीही केला नाही. घरात अशा गोष्टी बोलत नाहीत.

तर या नानांच्या आयुष्यात एक मोठी संख्या आली. नळ्यांचा माल घेऊन आलेल्या ट्रकच्या बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ती छापलेली होती: ४७,९०,०१,५९९. त्या ट्रान्सपोर्टवाल्याने सत्तेचाळीस कोटी बिल्ट्या कधी फाडल्या असतील, हा प्रश्न मला पडला. नानांना पडला नाही. त्यांनी माल उतरवायचा थांबवून भागायला सुरुवात केली. दोनाने जाईना. तीनाने जाईना. पाच, सात, अकरा, कोणाचंच काही चालेना. नाना हसले. लहान संख्या एकटी असू शकते, हे त्यांना मान्य होतं. शेतातल्या झोपडीत एखादा राखणदार एकटा राहतोच. पण जी संख्या कोटींच्या घरात जाते, तिला सोयराच नाही, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं. "एवढ्या मोठ्या घरात माणूस नाही, असं कुठे असतं का?" ते म्हणाले. "कोणीतरी आतल्या खोलीत असेल. आपण आवाज देत राहायचं."

आणि नाना आवाज देत राहिले. कागद पुरेनात तेव्हा त्यांनी दुकानातल्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपांवर मार्करने भागाकार मांडायला सुरुवात केली. लांबच्या लांब भागाकाराला लांबच्या लांब पाइपाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, हे खरंच आहे. पाइप विकले जात, गिऱ्हाईक ते नेऊन जमिनीत पुरत, आणि धुळे तालुक्यातल्या कितीतरी शेतांखाली आज नानांचे फसलेले भागाकार पाणी वाहतात. नानांची रीत अशी की भाग पूर्ण गेला नाही की ते ताबडतोब तोंड फिरवत. बाकी किती उरली, हे ते बघतही नसत. "जो घरचा नाही, त्याची चौकशी कशाला?" म्हणत पुढचा पाइप ओढत. एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला, "दाजी, सापडला! एक हजार नऊ!" त्यांनी बाजारात ओळखीच्या प्रत्येकाला जिलेबी वाटली. संध्याकाळी पडताळा घेतला तेव्हा कळलं की मधेच एक हातचा विसरला होता. जिलेबी परत मागता येत नाही. नाना दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून झोपून राहिले.

अशा ऐन मोसमात आमच्या लेकीला बघायला शिरपूरची मंडळी जळगावला आमच्या घरी आली. मुलगा इंजिनीअर, बोलायला गोड, घरची केळी-कापसाची शेती. आमच्या लेकीने चहाचा ट्रे ठेवताना एकदाच वर पाहिलं आणि तिथेच आमचं काम झालं. मामाने प्रश्न विचारायचा मान असतो, म्हणून सगळे नानांकडे वळले. नोकरी, पगार, व्यसन असलं काही विचारायचं सोडून नानांनी मुलाला ती संख्या सांगितली आणि विचारलं, "हिचे सोयरे कोण, सांगा बरं?" मुलगा आजकालचा. त्याने खिशातून फोन काढला, दोनदा बोट फिरवलं आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "मामा, ही मूळ संख्या आहे. हिला कोणीच नाही!"

नाना म्हणाले, "कोनीच नही?"

"एक आणि ती स्वतः. बस."

नानांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, उठले, दारात जाऊन चपला घातल्या आणि सरळ बसस्टँडकडे चालू लागले. रागाच्या भरात त्यांनी मुलाच्या वडिलांच्या कोऱ्या कोल्हापुरी घातल्या होत्या; त्यामुळे तो सज्जन गृहस्थ नानांच्या झिजलेल्या स्लिपरांत टाचा बाहेर काढून शिरपूरला परत गेला आणि तरीही त्याने होकार कळवला. अशी माणसं आता मिळत नाहीत.

नानांनी मात्र फोन घेणं सोडलं. तिसऱ्याच कोणाकरवी त्यांचं मत आमच्यापर्यंत आलं, ते असं: ज्या पोराने एवढ्या मोठ्या संख्येला दोन बोटांनी पोरकं केलं, तो माझ्या भाचीला काय सांभाळणार? मी हसलो. बायको हसली नाही. आणि लेक तर म्हणाली, "मामाच माझ्या मागे उभा राहणार. तो नसेल तर मी पाटावर उभी राहायची नाही. मग तुम्ही काय करायचं ते करा." आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे तोच उभा असतो. दुसऱ्या कोणाला उभं करता येतं, नाही असं नाही. पण आमच्या लेकीला चालायला मामाने शिकवलं आहे. आईबरोबर धुळ्याला गेली की दुकानातल्या पाइपाला धरून ती उभी राहायची. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, आणि लग्न एका भागाकारावर अडून बसलं.

शेवटी आम्ही दोघं अक्षता घेऊन आवतण द्यायला धुळ्याला गेलो, आणि तिथे आमच्या हातून जी चूक झाली ती आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. आमच्याकडे आवतणाचे प्रकार आहेत. परक्यांना 'एक माणूस' असं आवतण असतं, म्हणजे घरातून एकाने जेवायला यावं. जवळच्यांना 'चूलबंद', म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. सकाळपासून आम्ही धुळ्यातल्या व्यापाऱ्यांना, ओळखीच्यांना आवतणं देत फिरत होतो. बायकोच्या तोंडात तेच वाक्य बसलं होतं. नानांच्या दुकानात शिरताना तिला रडू आवरत नव्हतं, आणि तिने सवयीने अक्षता पुढे करून म्हटलं, "एक माणूस."

नानांनी हात पुढे करून त्या घेतल्या. मग अक्षता कपाळाला लावून शांतपणे म्हणाले, "एक मानूस? बरं. धाडी दिसू."

गाडीत बायको मला म्हणाली, "घरात एकच माणूस आहे म्हणून काय झालं? त्याचं चूलबंदच असतं. ज्याने मला वाढवलं त्याला मीच परकं केलं हो." मी तिची समजूत घालत होतो.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवाच्या दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. डोक्याला नवाकोरा रुमाल, हातात पिशवी. नानांच्या दुकानातले जुने हमाल आबा. म्हणाले, "नानानी एक मानूस धाडेल शे. तो मी शे." त्यांनी पिशवीतून भाचीचं मामाकडचं पिवळं पातळ काढून दिलं, नियमाप्रमाणे पंगतीला बसले, आणि वरण-बट्टीला असा न्याय दिला की आचारी बाहेर येऊन बघून गेला. हात धुताना मी विचारलं, "नाना काय करतायत?" आबा म्हणाले, "त्या आज घरच डाळ शिजाडतीन. म्हनतस, माले चूल बंद ठेवाले कोनी सांगं नही." लेकीने हे ऐकलं, आतल्या खोलीत गेली आणि शिरपूरला फोन लावून हळदीच्या तोंडाने रडली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. जावईबापूंनी सांगितलं आणि दुकानात त्या वेळी ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने नंतर तिखटमीठ लावून सांगितलं, ते असं. हळद लागल्यावर नवऱ्याने वेस ओलांडायची नसते. हा पठ्ठ्या आईचा ओरडा खात, अंगाला ओली हळद, डोक्याला बाशिंगाची दोरी आणि हातात नवरदेवाची कट्यार, अशा अवतारात गाडी काढून थेट धुळ्याला नानांच्या दुकानात येऊन उभा राहिला. पिवळाजर्द माणूस हातात कट्यार घेऊन दारात दिसल्यावर तो शेतकरी पाइपांच्या ढिगामागे लपला. नाना हलले नाहीत.

"मामा, माझं चुकलं," जावईबापू म्हणाले. "मी उत्तर बघितलं, भागाकार केला नाही. आता केलाय. मार्कर द्या."

आणि त्याने कट्यार बगलेत धरून एका पाइपावर लिहायला घेतलं. संख्या तीच, सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार पाचशे नव्व्याण्णव. तीनाने भागलं तर बाकी दोन. पाचाने भागलं तर चार. साताने भागलं तर सहा. अकराने दहा, बाराने अकरा. "तुम्ही बाकीकडे बघितलंच नाही, मामा. दोनापासून बारापर्यंत कोणीही येऊ द्या, प्रत्येक वेळी फक्त एक कमी पडतो. हिला कोणी नाही, असं नाही. सगळे दारापर्यंत येऊन थांबलेत, एकासाठी." मग त्याने त्या संख्येत एक मिळवला: ४७,९०,०१,६००. एकापासून बारापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा एकमेकांशी गुणाकार केला की हीच येते. "आता मोजा सोयरे. सातशे ब्याण्णव!"

तो शेतकरी सांगतो की नाना पाइपाजवळ बसले आणि एकेका बाकीवर बोट ठेवत गेले. एक कमी. एक कमी. एक कमी. मग बोट तिथेच ठेवून म्हणाले, "बठ्ठा सोयरा दारमा उनात, आनि मीच कमी व्हतू का रे?"

जावईबापूंनी मार्कर खाली ठेवला. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि कुकरखालचा गॅस स्वतःच्या हाताने बंद केला. बाहेर येऊन हात जोडून म्हणाले, "मामा, चूलबंद आवतण." नवऱ्या मुलाने नवरीच्या मामाला नवरीकडचं आवतण द्यायचं, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही. पण नाना शास्त्रावर अडले नाहीत. ते एकदम ओरडले, "आरे, डाळ कच्ची ऱ्हायनी ना!" आणि मग हसता हसता त्यांना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी जळगावात लग्न लागलं. नाना भाचीचा हात धरून मांडवात आले तेव्हा त्यांच्या दुकानातल्याच सदऱ्याच्या खांद्यावर पिवळ्या बोटांचे डाग होते, कारण आदल्या दिवशी जावईबापूंनी त्यांना मिठी मारली होती आणि तो सदरा बदलायला नाना तयार नव्हते. मंगलाष्टकं होईपर्यंत ते लेकीच्या मागे ताठ उभे होते. बायको मला कुजबुजून म्हणाली, "बघा, रडतोय." मी बघितलं नाही, कारण मला ते बघवलं नसतं.

त्यानंतर नानांनी त्या संख्येला सोयरे शोधणं सोडलं. तो पाइप त्यांनी विकला नाही. गाड्यांचे नंबर अजून बघतात, पण आता भाग गेला नाही तर तोंड फिरवत नाहीत. थांबून, किती कमी पडले ते बघतात. आमच्या घरात आता आम्ही दोघंच असतो. जेवायला बसताना बायकोचा हात अजून सवयीने तिसऱ्या ताटाकडे जातो आणि मागे येतो. रविवारी सकाळी धुळ्याहून फोन येतो. पूर्वी सहसा कोणाला फोन न करणारे नाना विचारतात, "दाजी, आज कितला कमी शेतस?"

"एक," मी म्हणतो. मग नाना गॅस बंद करून पारोळ्यावरून जळगावला येणारी बस पकडतात.

खरं तर लेक गेल्यापासून आमच्याकडे दोन कमी असतात. पण ते मी नानांना सांगत नाही. सांगितलं, तर ते तसेच शिरपूरला जाऊन तिला घेऊन येतील.